बाविसाव्या वर्षी व्याकरण लिहिणारे दादोबा

गेल्या वर्षी कॉलेजच्या प्रेझेंटेशनमध्ये मी ‘माय फ्रेंड्स इज रेडी’ म्हणाले आणि मागचा बाक खो खो हसला. पोशीरला घरी येईपर्यंत, नेरळ लोकलमध्ये तेच डोक्यात होतं. तुमचंही असं कधी झालंय ना? मग दादोबा पांडुरंग तर्खडकर यांना भेटाच.

दादोबांचा जन्म 1814 सालचा, मुंबईचा. इंग्रजी शाळा तेव्हा नुकत्याच सुरू होत होत्या. दादोबा इंग्रजी शिकले, लिंडले मरे यांचं इंग्रजी व्याकरण त्यांनी अभ्यासलं. आणि त्यांना प्रश्न पडला, की परक्या भाषेचे नियम आपण घोकतो, मग आपल्या भाषेचे कुठे आहेत? 1836 मध्ये त्यांचं मराठी व्याकरण छापून आलं. वय फक्त 22! माझ्याएवढं. पुढे लोक त्यांना मराठीचे पाणिनी म्हणू लागले.

हे काम सोपं नव्हतं, कारण दोन्ही भाषांची क्रियापदं अगदी वेगळी वागतात. बघा हं. रमेश भाकरी खातो, सीमा भाकरी खाते. इथे क्रियापद कर्त्याचं ऐकतं. पण रमेशने आंबा खाल्ला, रमेशने भाकरी खाल्ली. कर्ता तोच, तरी क्रियापद कर्माच्या मागे गेलं! शाळेत आपण ‘प्रयोग’ शिकलो, तो हाच.

इंग्रजी क्रियापद मात्र कर्त्यालाच धरून राहतं. रमेश असो की सीमा, दोघांनाही ‘ईट्स’. गोंधळ होतो तो ‘एस’मुळे. नामाला लागला की बहुतेकदा अनेकवचन, पण वर्तमानकाळात क्रियापदाला लागला की एकवचन! म्हणून ‘बॉय रन्स’, पण ‘बॉइज रन’. आय आणि यू यांना मात्र तो ‘एस’ लागत नाही. आणि करवंदांची पाटी एक असेल तर आत करवंदं कितीही असोत, क्रियापद ‘इज’च. कर्ता पाटी आहे, करवंदं नव्हेत. बोलण्याआधी स्वतःला एवढंच विचारा: कर्ता कोण? एक की अनेक?

दादोबा व्याकरणावरच थांबले नाहीत. सुरतेला शिक्षक असताना 1844 मध्ये त्यांनी मित्रांसोबत मानवधर्म सभा काढली. मुंबईत परतल्यावर 1849 मध्ये परमहंस सभा. तिथे जातिभेद न मानणारी मंडळी गुपचूप जमून एकत्र जेवत. पुढे सभासदांची यादीच चोरीला गेली, नावं फुटण्याच्या भीतीने सभा मोडली. दादोबा नगरला डेप्युटी कलेक्टरही होते. पण व्याकरण सुटलं नाही. 1850 मध्ये सुधारून दुसरी आवृत्ती काढली, 1865 मध्ये शाळेच्या मुलांसाठी लघु व्याकरण, आणि 1881 मध्ये, सत्तरीकडे झुकताना, पूरणिका. पुढच्याच वर्षी ते गेले.

म्हणजे पाणिनी म्हणवलेल्या माणसालाही आपलं लिखाण पुन्हा पुन्हा दुरुस्त करावं लागलं. आपल्याला तर ‘इज’चं ‘आर’च करायचंय. इंग्रजी चुकणं म्हणजे अक्कल कमी असणं नाही. आपल्या जिभेवर आधीच एक अवघड व्याकरण बसलेलं आहे, दुसरं बसायला वेळ लागणारच.

पुढच्या महिन्यात माझं पुन्हा प्रेझेंटेशन आहे. पहिलं वाक्य तेच ठेवलंय, फक्त ‘आर’ घालून. तुम्हीही आज पाच वाक्यं लिहा आणि प्रत्येकात कर्त्याखाली रेघ मारा.