शास्त्रज्ञांचा कैवारी : प्योत्र कापित्सा

२८ एप्रिल १९३८ चा दिवस. मॉस्को शहरातील एका संशोधनसंस्थेच्या प्रमुखाला सकाळी एक वार्ता समजली. संस्थेतील तरुण शास्त्रज्ञ लेव्ह लांदाऊ याला रात्रीतून पोलिसांनी पकडून नेले होते. त्या काळी सोव्हिएत संघात स्टालिनची एकतंत्री सत्ता होती. माणसे अशी अकस्मात नाहीशी होत आणि त्यांचे नाव काढण्यासही शेजारीपाजारी भीत; कारण नाव काढणाऱ्यावरच संशय येई. त्या प्रमुखाने मात्र त्याच दिवशी लेखणी उचलली आणि थेट स्टालिनलाच पत्र लिहिले. त्या प्रमुखाचे नाव प्योत्र कापित्सा.

कापित्सा यांचा जन्म १८९४ साली रशियातील क्रोनश्टाट या आरमारी बंदरात झाला. वडील लष्करातील इंजिनियर होते. ऐन तारुण्यात कापित्सांवर दुःखाचा डोंगर कोसळला. १९१९-२० च्या हिवाळ्यात साथीच्या रोगांनी त्यांचे वडील, पत्नी आणि दोन्ही बालके हिरावून नेली. खचलेल्या मनाने ते १९२१ साली इंग्लंडला गेले. अणूच्या अंतरंगाचा वेध घेणारे थोर शास्त्रज्ञ रुदरफर्ड केंब्रिज येथे काम करीत होते. त्यांच्या हाताखाली कापित्सा पुन्हा उभे राहिले. ते मोठे विनोदी होते. गुरूंना त्यांनी 'मगर' असे टोपणनाव दिले होते आणि १९३३ साली नवी प्रयोगशाळा उभी राहिली, तेव्हा तिच्या भिंतीवर त्यांनी चक्क एक मगर कोरवून घेतली! अशा शिष्यावर प्रेम करणारे गुरूही थोरच म्हणावयाचे.

१९३४ साली कापित्सा मायदेशी भेटीस गेले असता सरकारने त्यांना परतू दिले नाही. पिंजऱ्यात सापडलेल्या पक्ष्यासारखी त्यांची अवस्था झाली. अखेर केंब्रिजची यंत्रसामग्री सोव्हिएत सरकारने विकत घेतली आणि मॉस्कोत त्यांच्यासाठी नवी संस्था उभारली. तेथे त्यांनी एक अपूर्व शोध लावला. द्रव हेलियम शून्याखाली सुमारे २७१ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केले, की ते अत्यंत चिंचोळ्या फटीतूनही जणू काही अडथळाच नाही असे वाहू लागते. या गुणधर्मास अतिप्रवाहिता म्हणतात. हा शोध १९३८ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. पण असे का घडते, हे कोडे गणिताने सोडविणारा माणूस हवा होता. तो माणूस म्हणजे लांदाऊ. आणि तोच आता तुरुंगात होता.

लांदाऊचा अपराध कोणता? स्टालिनच्या राजवटीवर कठोर टीका करणारे एक पत्रक तयार करण्यात त्याचा हात होता. ते पत्रक वाटलेही गेले नव्हते. त्याने शस्त्र उचलले नव्हते. उचलले होते ते केवळ शब्द.

कापित्सा यांचे पत्र वाचण्याजोगे आहे. लांदाऊ हा देवमाणूस आहे, असे त्यांनी त्यात भासविले नाही. उलट, तो भांडखोर आहे, मोठमोठ्या विद्वानांच्या चुका काढून त्यांची थट्टा करतो, म्हणून त्याचे शत्रू पुष्कळ आहेत, असे त्यांनी मोकळेपणाने लिहिले. पण देशात त्याच्या तोडीचे शास्त्रज्ञ विरळा. तेव्हा त्याच्या प्रकरणाकडे नीट लक्ष द्यावे, अशी त्यांनी विनंती केली. आदल्याच वर्षी व्लादिमीर फोक या शास्त्रज्ञाला पकडले असता कापित्सांनी असेच पत्र लिहिले होते आणि फोक थोड्याच दिवसांत सुटले होते. या वेळी मात्र तसे घडले नाही. महिन्यांमागून महिने गेले. लांदाऊ तुरुंगात खंगत चालला.

एप्रिल १९३९ मध्ये कापित्सांनी सरकारचे प्रमुख मोलोटोव्ह यांना लिहिले. हेलियमचे कोडे उलगडण्यास लांदाऊची नितांत गरज आहे, हा त्यांचा मुद्दा होता. त्यांना पोलिसांच्या कचेरीत बोलावणे आले. अधिकाऱ्यांनी लांदाऊच्या खटल्याचे कागद पुढे ठेवले, परंतु कापित्सांनी ते वाचावयास साफ नकार दिला, असे सांगतात. मला हा नकार फार शहाणपणाचा वाटतो. कागद वाचले असते, तर त्यांतील प्रत्येक आरोपावर वाद घालावा लागला असता.

शेवटी २६ एप्रिल रोजी त्यांनी पोलिसखात्याचा प्रमुख बेरिया याच्याकडे लांदाऊबद्दल लेखी हमी दिली. लांदाऊ सत्तेविरुद्ध काही करणार नाही आणि तसे काही आढळल्यास आपण कळवू, असे त्यांना लिहून द्यावे लागले. असे लिहून देणे कोणाही स्वाभिमानी माणसास सुखाचे नसते; पण त्याखेरीज दार उघडत नव्हते. वर्षभर कोंडलेला लांदाऊ त्या महिन्याच्या अखेरीस बाहेर आला. दोन वर्षांनी त्याने अतिप्रवाहितेचा उलगडा केला. त्याबद्दल १९६२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले; कापित्सांना ते त्यानंतर सोळा वर्षांनी मिळाले.

त्याच बेरियाशी अणुबाँबच्या कामात कापित्सांचे पुढे बिनसले. १९४६ साली त्यांना संस्थेतून काढण्यात आले. त्यांनी गावाकडच्या घरीच छोटी प्रयोगशाळा थाटली आणि १९५५ साली पुन्हा आपली जागा मिळेपर्यंत तेथेच काम केले.

वार्धक्यातही त्यांची लेखणी थकली नाही. आंद्रेई साखारोव्ह हे भौतिकीतज्ज्ञ नागरिकांच्या हक्कांसाठी निर्भयपणे बोलत. १९७३ साली चाळीस विद्वानांनी त्यांच्या निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. कापित्सांनी केली नाही. १९८० साली साखारोव्ह यांना गोर्की शहरात स्थानबद्ध करण्यात आले. युरी ओर्लोव्ह हे दुसरे भौतिकीतज्ज्ञ त्यापूर्वीच तुरुंगात पडले होते. त्याच वर्षी कापित्सांनी गुप्त पोलिसखात्याचे प्रमुख आंद्रोपोव्ह यांना दोघांविषयी लिहिले. कुत्र्यांवरील प्रयोगांमुळे प्रसिद्ध असलेले पावलोव्ह सरकारवर उघड टीका करीत, तरी लेनिनने त्यांची कदर केली, याची आठवण त्यांनी त्या पत्रात दिली.

दोघेही सुटले नाहीत. १९८१ च्या अखेरीस साखारोव्ह यांनी, आपल्या कुटुंबातील सुनेला परदेशी जाऊ द्यावे यासाठी, पत्नीसह उपोषण आरंभिले. त्यांचा जीव वाचवावा, अशी तार सत्त्याऐंशी वर्षांच्या कापित्सांनी राष्ट्रप्रमुख ब्रेझनेव्ह यांना केली. थोड्याच दिवसांत सरकारने परवानगी दिली आणि उपोषण सुटले.

एप्रिल १९८४ मध्ये कापित्सा निवर्तले. साखारोव्ह गोर्कीहून मॉस्कोला परतले ते डिसेंबर १९८६ मध्ये.