न कापणारी सुरी

मैत्रिणींनो, भिंग उन्हात धरून कागद जाळायचा खेळ आपण सगळ्यांनीच लहानपणी खेळलाय. नुसत्या उन्हाने कागदाला काही होत नाही, पण तेच ऊन एका ठिपक्यावर आणलं की भोक पडतं. काहीशा अशाच युक्तीने एका डॉक्टरांनी डोकं न उघडता मेंदूतल्या लहान गाठीवर इलाज शोधला. त्यांचं नाव लार्स लेक्सेल.

लेक्सेल यांचा जन्म स्वीडनमध्ये १९०७ साली झाला. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत ते शिकले आणि १९३५ पासून ऑलिव्हक्रोना या नामांकित मेंदू-शल्यविशारदांच्या हाताखाली तयार झाले. फिनलंडच्या युद्धात स्वयंसेवक म्हणून गेले, तिथे जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या. हाड कुरतडून काढायचं त्यांच्या नावाचं हत्यार आजही वापरात आहे.

त्या काळी डोकं उघडायचं म्हणजे जिवाशीच गाठ. गाठ निघायची, पण कितीतरी रुग्ण टेबलावरून परतायचेच नाहीत. ही गोष्ट लेक्सेल यांच्या मनाला लागली. १९४९ मध्ये त्यांनी डोक्यावर बसवायची एक चौकट तयार केली. तिच्यामुळे मेंदूतली नेमकी जागा मापाने सापडू लागली. आणि १९५१ मध्ये त्यांनी नवा विचार मांडला : सुरीऐवजी किरण वापरायचे. त्याला नाव दिलं रेडिओसर्जरी.

पुढची सोळा-सतरा वर्षं ते याच ध्यासात होते. आधी क्ष-किरण, मग बोर्ये लार्सन या शास्त्रज्ञांच्या सोबतीने प्रोटॉनचे किरण, असं सगळं करून पाहिलं. शेवटी १९६७-६८ च्या सुमारास गामा नाइफ हे यंत्र उभं राहिलं. त्यात कोबाल्टचे १७९ स्रोत. प्रत्येक किरण एकटा असताना दुबळा, वाटेतल्या मेंदूला फारसा त्रास न देणारा. सगळे जिथे एकत्र येतात, तिथेच काय तो मारा. १९६९ मध्ये कानाच्या नसेवरच्या गाठीवर ते पहिल्यांदा वापरलं गेलं. ही गाठ कॅन्सरची नसते, पण हळूहळू ऐकणं आणि तोल बिघडवते.

मला लेक्सेल यांचं मोठेपण आणखी एका गोष्टीत वाटतं. चेहऱ्यातल्या असह्य कळांसाठी १९५३ मध्ये किरण दिलेल्या दोन रुग्णांचा हिशेब त्यांनी १९७१ मध्ये मांडला. कळा परतल्या नव्हत्या! इलाज झाला, घरी पाठवलं, संपलं, असं त्यांनी मानलं नाही.

कारण या उपचाराची खरी परीक्षा वर्षांनीच होते. किरणांनी गाठ लगेच नाहीशी होत नाही, बऱ्याचदा ती तशीच राहते. तिची वाढ थांबली की उपचार यशस्वी. सुरुवातीचे काही महिने ती थोडी सुजूही शकते, म्हणून घाबरायचं नाही. पूर्वी मात्रा जास्त असायची, त्यामुळे काहींचा चेहरा वाकडा व्हायचा. ती कमी केल्यापासून असं क्वचितच होतं. दहा वर्षांनी पाहिलं तरी दहातल्या नऊपेक्षा जास्त जणांच्या लहान गाठी आटोक्यात असतात. पण ऐकणं टिकेलच याची खात्री नाही. अनेकांचं ते वर्षागणिक कमी होत जातं. हेही रुग्णाला आधी सांगायला हवं. मोठ्या गाठीला मात्र बहुधा शस्त्रक्रियाच लागते.

लेक्सेल १९८६ मध्ये, ७८ व्या वर्षी गेले, स्वित्झर्लंडच्या डोंगरात फिरताना. त्यांचं यंत्र १९९७ मध्ये मुंबई-दिल्लीतही आलं.

आपल्या बायकांचं काय होतं? एका कानाने कमी ऐकू येतं, कानात सारखा आवाज येतो, तोल जातो, तरी आपण वयावर ढकलतो. किंवा इलाज होतो आणि बरं वाटतंय म्हणून पुढची तपासणी राहून जाते. मैत्रिणींनो, तसं करू नका. कान दाखवून घ्या. आणि डॉक्टरांनी एमआरआयची तारीख दिली असेल, तर ती घरातल्या लग्नाच्या तारखेइतकीच पक्की समजा.