खिशातलं घड्याळ मनगटावर बांधायला लावणारा अनाथ पोरगा : हान्स विल्सडॉर्फ

रोलेक्स म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? सोनं, श्रीमंती आणि आपल्याला न परवडणारी किंमत. पण ही कंपनी उभी करणारा माणूस बाराव्या वर्षी अनाथ झाला होता.

हान्स विल्सडॉर्फ. जन्म १८८१ चा, जर्मनीतल्या बव्हेरियातल्या कुल्मबाख गावचा. आईवडील गेल्यावर मामा-काकांनी घरचा धंदा विकला आणि पोराला बोर्डिंग शाळेत टाकलं. तिथं तो इंग्रजी शिकला. त्याच इंग्रजीच्या जोरावर १९०० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फाँ या घड्याळांच्या गावात पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या कारकुनाची नोकरी मिळाली. सोबत रोज शेकडो खिशातल्या घड्याळांना चावी द्यायची आणि वेळ बरोबर आहे का ते तपासायचं. कंटाळवाणं काम, पण घड्याळाची नस तिथंच कळली.

१९०५ मध्ये लंडनला त्याने आल्फ्रेड डेव्हिससोबत कंपनी काढली आणि मनगटी घड्याळांवर पैज लावली. तेव्हा मनगटावरचं घड्याळ म्हणजे बायकांचा दागिना. पुरुषाचं घड्याळ साखळीला अडकवून खिशात. जाणकारही नाक मुरडायचे, आणि त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. खिशातलं घड्याळ बहुतेक वेळ उभं, शांत असतं. मनगट मात्र सतत हलतं, त्यात धूळ, घाम आणि पाणी. शिवाय यंत्र लहान, मग वेळ चुकणारच.

विल्सडॉर्फने बीलच्या एगलर यांच्याकडून छोटी पण नेमकी यंत्रं घेतली. १९०८ मध्ये रोलेक्स हे नाव नोंदवलं. पाच अक्षरी, कुठल्याही भाषेत जमणारं आणि तबकडीवर सहज मावणारं. जुलै १९१४ मध्ये इंग्लंडच्या क्यू वेधशाळेने ४५ दिवसांच्या चाचणीनंतर त्याच्या मनगटी घड्याळाला 'अ' वर्गाचं प्रमाणपत्र दिलं. तोवर हा मान मोठ्या जहाजी घड्याळांचा समजला जायचा.

तीन आठवड्यांच्या आत ब्रिटन महायुद्धात उतरलं.

खंदकात एका हातात बंदूक असताना खिसा चाचपायला वेळ कुणाला? खिशातल्या छोट्या घड्याळांना तारेच्या कड्या डागून, चामड्याचा पट्टा ओवून ती मनगटावर बांधली जाऊ लागली. पुरुषांची लाज खंदकातच गेली म्हणायची. विल्सडॉर्फचं म्हणणं खरं ठरत होतं, पण त्याचं जर्मन आडनाव लंडनमध्ये अडचणीचं झालं. १९१५ मध्ये कंपनीच्या पाटीवरून विल्सडॉर्फ आणि डेव्हिस ही नावं जाऊन रोलेक्स आलं. त्याच वर्षी आयात घड्याळांवर ३३ टक्क्यांहून जास्त कर बसला. शेवटी मुक्काम जिनिव्हाला हलला.

राहिलं पाणी. १९२६ मध्ये त्याने फिरवून घट्ट बसणाऱ्या चावीचं पेटंट विकत घेतलं आणि 'ऑइस्टर' आणलं. पुढच्या वर्षी मर्सिडीज ग्लाइट्झे ही इंग्लिश खाडी पोहून गेलेली तरुणी पुन्हा पाण्यात उतरणार होती, कारण दुसऱ्या एका बाईच्या खोट्या दाव्यामुळे तिच्यावरही संशय घेतला जात होता. विल्सडॉर्फने तिला ऑइस्टर दिलं. गार पाण्यात दहा तासांहून जास्त काढल्यावर तिला बाहेर काढावं लागलं, पण घड्याळ चालूच होतं. त्याने थेट डेली मेलचं पहिलं पान जाहिरातीसाठी घेतलं. गंमत म्हणजे मनगटी घड्याळाची ही सगळ्यात गाजलेली परीक्षा झाली तेव्हा ते तिच्या गळ्यात लटकत होतं!

दुसऱ्या महायुद्धात जर्मन छावण्यांतल्या ब्रिटिश कैद्यांना त्याने उधारीवर घड्याळं पाठवली, पैसे युद्ध संपल्यावर द्या म्हणून. जर्मनीत जन्मलेल्या माणसाने लावलेली ही पैज होती ब्रिटनच्या विजयावर.

१९४४ मध्ये पत्नी फ्लॉरेन्स गेली. मूलबाळ नव्हतं. पुढच्याच वर्षी त्याने ट्रस्ट स्थापन केला आणि कंपनी त्याच्या हवाली करायची व्यवस्था लावली. १९६० मध्ये जिनिव्हात तो गेला. रोलेक्सची मालकी आजही त्या ट्रस्टकडेच आहे.