बातमी पारखून देणारे रॉयटर

रविवारची मिस्सा संपली की आपण चर्चच्या आवारात दोन घटका थांबतो. कोणीतरी मोबाइलवर आलेली बातमी सांगतो, आणि एखादे वडीलधारे हमखास विचारतात, कुठून आली? ज्यांनी या एका प्रश्नावर आयुष्यभराचा व्यवसाय उभा केला, त्या पॉल ज्युलियस रॉयटर यांची ओळख या वेळी करून देत आहोत.

१८१६ साली जर्मनीतील कासेल येथे एका ज्यू धर्मगुरूच्या घरी त्यांचा जन्म झाला. मूळ नाव इस्राएल बेअर योसाफात. १८४५ मध्ये लंडनला लुथरन पंथात स्नानसंस्कार घेताना त्यांनी नवे नाव घेतले. पुढे पॅरिसमध्ये आव्हास यांच्या वृत्तसंस्थेत ते परदेशी वर्तमानपत्रांतील मजकुराचे भाषांतर करीत. ढीगभर कागदांतून नेमके काय उचलावे, हे ते तेथेच शिकले असावेत, असे आम्हांला वाटते.

१८५० साली पॅरिसहून ब्रुसेल्सपर्यंत आणि बर्लिनहून आखेनपर्यंत तार होती, मधला टप्पा मोकळा. आगगाडी वेळ खाई. रॉयटर यांनी तिथे कबुतरे उडवली! पॅरिसचे बाजारभाव कबुतरांबरोबर येत. एका ग्राहकाला आधी कळून दुसऱ्याचे नुकसान होऊ नये म्हणून ते सर्वांना खोलीत बसवून दार बंद करीत आणि भाव एकदमच देत, असे सांगतात.

१८५१ मध्ये त्यांनी लंडनला कचेरी थाटली. तेथील वर्तमानपत्रे मात्र १८५८ पर्यंत त्यांना दाद देईनात. पुढच्याच वर्षी इटलीत युद्ध पेटले, तेव्हा त्यांनी फ्रेंच आणि ऑस्ट्रियन अशा दोन्ही बाजूंच्या तारा वाचकांपुढे ठेवल्या. आपले मत त्यात घातले नाही. त्या काळी बातमीला वेळही फार लागे. अटलांटिकखालून तार चालू नव्हती, म्हणून १४ एप्रिल १८६५ रोजी लिंकन यांच्यावर झाडलेल्या गोळीची बातमी लंडनला २६ तारखेला पोहोचली.

१८६६ मध्ये त्यांच्या संस्थेची कचेरी आपल्या मुंबईत आली. पण येथे आम्हांला एक गोष्ट खटकते. १८७० च्या सुमारास रॉयटर, आव्हास आणि जर्मनीची वोल्फ या तीन संस्थांनी करार करून जग आपसांत वाटून घेतले. हिंदुस्थान रॉयटर यांच्या वाट्याला गेला. अनेक ठिकाणच्या बातम्या ताडून पाहणाऱ्या माणसाने मुंबईच्या वाचकाला मात्र जग लंडनच्याच खिडकीतून दाखवले.

फेब्रुवारी १८९९ मध्ये फ्रान्समधील नीस येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतरही कितीतरी वर्षे मुंबईची वर्तमानपत्रे परदेशच्या बातम्या रॉयटरची तार म्हणूनच छापीत होती.