हवेचा तराजू

मृग नक्षत्र लागले की सोलापूरचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो. ही काळजी पिढ्यानपिढ्यांची आहे. १८७६ सालच्या दुष्काळात आपल्या जिल्ह्याचे फार हाल झाले. १८९९ साली पुन्हा देशाच्या मोठ्या भागात पाऊस पडला नाही. लाखो माणसे दगावली. असे संकट आधी कळले, तर धान्याची सोय करता येईल. यासाठी सर गिल्बर्ट वॉकर यांनी वीस वर्षे मेहनत केली.

वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी इंग्लंडमधील रॉचडेल गावी झाला. १८८९ साली ते केंब्रिज विद्यापीठात गणितात पहिले आले. दहा वर्षांनी हाच मान आपल्या र. पु. परांजपे यांनी मिळवला.

१९०४ साली वॉकर भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख झाले. त्या वेळी संगणक नव्हते. अनेक भारतीय कारकून जगभरातून आलेले पावसाचे व हवेच्या दाबाचे आकडे मांडत आणि हातानेच हिशेब करत. त्या ढीगभर आकड्यांतून वॉकर यांना एक गोष्ट दिसली. पॅसिफिक महासागरावर हवेचा दाब वाढला, की हिंदी महासागरावर तो कमी होतो. इकडे वाढला, की तिकडे कमी होतो. जणू एका तराजूची ही दोन पारडी! इकडचे पारडे जड झाले, की आपल्याकडे पाऊस कमी पडण्याचा संभव असतो. १९२४ साली त्यांनी या बदलाला 'दक्षिणी आंदोलन' असे नाव दिले.

मात्र त्यांचे अंदाज नेहमी बरोबर येत नसत. तराजू का झुकतो, हेही त्यांना सांगता आले नाही. अनेक शास्त्रज्ञांनी शंका घेतली. तरीही मायदेशी परतल्यावर त्यांनी हा अभ्यास सोडला नाही. ४ नोव्हेंबर १९५८ रोजी त्यांचे निधन झाले.

१९६९ साली बियर्कनेस या शास्त्रज्ञाने त्यामागचे कारण दाखवले. पॅसिफिकचे पाणी गरम किंवा थंड झाले, की हा तराजू झुकतो. पाणी गरम होण्याला 'एल निनो' म्हणतात. त्या वर्षी दूरच्या अटलांटिक महासागरात चक्रीवादळे सहसा कमी होतात. बियर्कनेस यांनी पॅसिफिकवरील वाऱ्यांच्या चक्राला वॉकर यांचेच नाव दिले.

मुलांनो, आज पावसाचा अंदाज ऐकताना वॉकर यांची आठवण ठेवा. आणि ज्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत, त्या कारकुनांचीही आठवण ठेवा. प्रामाणिकपणे केलेला हिशेब वाया जात नाही.