लीळाचरित्रकार पंडित म्हाइंभट

सूत्रपाठातील वचन निरूपणास घेतले की ते कोणास, कोठे आणि कोणत्या प्रसंगी निरूपिले गेले हे आधी पाहावे, अशी परमार्गातील जुनी परिपाठी आहे. प्रकरण ठाऊक नसेल तर सूत्राचा अर्थ ज्याच्या त्याच्या बुद्धीप्रमाणे वाकू लागतो. प्रकरणवश नावाची स्वतंत्र ग्रंथरचना आपल्याकडे याच गरजेतून झाली. परंतु प्रकरणे जुळविण्यासाठी मुळात ती कोणीतरी टिपून ठेवलेली असावी लागतात. ते कार्य ज्यांनी केले त्या म्हाइंभटांचे चरित्र भाष्यवाचकांनी वेळोवेळी डोळ्यांपुढे आणणे उचित होय.

म्हाइंभट गोदावरीच्या परिसरातील सराळे येथील राहणारे. घराणे वैदिक ब्राह्मणाचे, बुद्धी तीक्ष्ण, आणि शास्त्राध्ययन त्या काळच्या मानाने असामान्य. मीमांसेतील प्रभाकर मताच्या अभ्यासासाठी त्यांनी दूर तेलंगणाची वाट धरली होती. विद्येसोबत तिचा ताठाही आला. वादात प्रतिपक्षी शोधीत फिरणारे पंडित यादवकाळात विरळ नव्हते, आणि म्हाइंभट त्यांच्यापैकीच एक होते. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामी डोमेग्रामी असताना ते त्यांच्याकडे आले ते शिष्य होण्यासाठी नव्हे, वाद जिंकण्यासाठी. डोमेग्राम म्हणजे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील गोदातीरीचे आजचे कमालपूर. नदीच्या पैलतीरावर छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्याची भूमी लागते.

त्या भेटीत पंडिताचे पांडित्य खुंटले. मात्र ज्ञान पटणे आणि अनुसरण घडणे यांमध्ये अंतर असते, आणि म्हाइंभटांच्या बाबतीत ते बरेच मोठे होते. पटल्यानंतरही ते पुष्कळ काळ संसारातच राहिले. पुढे पत्नीच्या निधनानंतर त्यांनी घर सोडले आणि ते रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी सेवेस राहिले. स्वामींचे उत्तरापंथे गमन परंपरेनुसार शके 1196 म्हणजे इ.स. 1274 च्या सुमाराचे. त्यानंतर सर्व भक्तसमुदायाचा आधार रिद्धपूर हाच होता.

श्रीप्रभूंच्या प्रयाणानंतर हा आधारही गेला. दर्शन नाही, सन्निधान नाही. उरले ते केवळ स्मरण. आचार्य श्रीनागदेव, म्हणजेच भटोबास, लीळांचे स्मरण करीत असलेले म्हाइंभटांनी पाहिले, आणि त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला. ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले त्यांना स्मरण आहे. ज्यांनी पाहिले नाही, जे अजून जन्मासही आलेले नाहीत, त्यांनी कशाचे स्मरण करावे? लीळाचरित्राचा उगम या प्रश्नात आहे. रिद्धपुरात वाजेश्वरीच्या स्थानी बसून आचार्यांनी लीळा सांगाव्या आणि म्हाइंभटांनी त्या उतरून घ्याव्या, असा क्रम सुरू झाला.

एवढ्यावर ते थांबले असते तरी ग्रंथ झाला असता. परंतु भटोबास अनुसरले ते स्वामींच्या चरित्रातील उत्तरकाळी. त्याआधीच्या कित्येक लीळांचे साक्षी दुसरेच होते, आणि ते गावोगाव विखुरलेले होते. म्हाइंभटांनी त्यांच्याकडे जाऊन लीळा मिळविल्या. पंडितांच्या सभेत मान उंच ठेवून बोलणारा हा पुरुष आता अक्षरओळख नसलेल्या स्त्री-पुरुषांसमोर बसून, त्यांना काय आठवते ते विचारीत होता. पूर्वीचा ताठा किती गळला हे सांगण्यास याहून वेगळे प्रमाण नको.

संकलनाची त्यांची रीत आधुनिक इतिहासकारानेही आदराने पाहावी अशी आहे. लीळा घडली ते गाव, तेथील देऊळ वा मठ, सोबत असलेली माणसे, प्रश्न कोणी केला, उत्तर काय झाले, एवढे आले की लीळा संपते. तिला अलंकार नाही, फलश्रुती नाही. एकाच प्रसंगाविषयी दोघांचे सांगणे जुळले नाही, तर एकाचे खरे ठरवून दुसऱ्याचे पुसून टाकण्याचा मोह विद्वानास सहज होतो. लीळाचरित्राच्या परंपरेने असे भेद नावानिशी नोंदवून ठेवले आहेत. भक्तांमधील रुसवेफुगवे, त्यांच्या चुका, त्यांचे बालिश प्रश्न हेही गाळलेले नाहीत. आणि वादासाठी आलेल्या गर्विष्ठ म्हाइंभटाची हकिकत? तीही ग्रंथात आहे, आणि तीत ग्रंथकर्त्याने स्वतःस सवलत दिलेली नाही.

या सावधपणाचे फळ दुहेरी आहे. साधकास स्मरण मिळाले. आणि यादवकालीन महाराष्ट्राचा असा लेखाजोखा उरला की त्याला तोड नाही. ग्रंथाचे एकांक, पूर्वार्ध व उत्तरार्ध असे भाग आहेत. एकांकातील एकाकी भ्रमण संपून स्वामी पैठणी येतात, बाइसा भेटतात, आणि तेथून पूर्वार्धाचा ओघ लागतो. पैठण हे तेव्हा विद्येचे माहेरघर. देवगिरी ही राजधानी, ग्रंथात तिला कटक म्हणतात. आणि वेरूळ तेथे एळापूर या जुन्या नावाने येते. वेरूळची लेणी आज शिल्पकलेचे अभ्यासक मोजमापे घेऊन पाहतात. लीळाचरित्रात तीच लेणी माणसांच्या येण्याजाण्याची, वास्तव्याची आणि संभाषणाची जागा म्हणून दिसतात. तेराव्या शतकात त्या दगडी दालनांत मनुष्य कसा वावरत असे, हे कोणताही शिलालेख सांगत नाही. अन्नपदार्थ, वस्त्रे, बाजार, रस्ते, देवळांची रचना, महादेव व रामदेव या राजांचा काळ, हेमाद्रीचा अधिकार, या सर्वांची माहिती अभ्यासकांनी याच ग्रंथातून वेचली. त्यांपैकी काहीही म्हाइंभटांचे उद्दिष्ट नव्हते, हे मात्र विसरू नये.

भाषेचा प्रश्नही येथे येतो. संस्कृतात ग्रंथ लिहिणे म्हाइंभटांस कठीण नव्हते. पण स्वामींनी निरूपण मराठीत केले, श्रोत्यांत स्त्रिया व सामान्य जन होते, आणि आचार्यांचा कटाक्षही मराठीवरच होता. केशिराजबासांना संस्कृत रचनेची ओढ होती तेव्हा आचार्यांनी त्यांना याच कारणासाठी आवरले, हे सर्वश्रुत आहे. म्हाइंभटांच्या लेखणीने बोलभाषेतील छोटी वाक्ये जशीच्या तशी पेलली. मराठी गद्याला पहिला मोठा ग्रंथ मिळाला तो असा. त्यातील स्वामींची वचने निवडून केशिराजबासांनी सूत्रपाठ सिद्ध केला. दृष्टान्तपाठाची जुळणीही त्यांचीच. श्रीगोविंदप्रभूंचे चरित्रही म्हाइंभटांनी याच पद्धतीने संकलित केले. तीनशेहून अधिक लीळांचे ते चरित्र अॅन फेल्डहाउस यांच्या 1984 च्या इंग्रजी अनुवादामुळे परदेशी अभ्यासकांपर्यंत पोहोचले आहे.

चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या फौजांच्या धामधुमीत महात्मे रानोमाळ झाले आणि लीळाचरित्राची मूळ प्रत हरपली. ज्यांना ग्रंथ मुखोद्गत होता त्यांनी तो पुन्हा उभा केला. यात हिराइसांच्या धारणाशक्तीचा उल्लेख परंपरा कृतज्ञतेने करते. परशरामबास, रामेश्वरबास यांच्या नावे ओळखले जाणारे पाठही आहेत. यामुळे आज आपल्या हाती असलेला ग्रंथ अक्षरशः म्हाइंभटांचा आहे असे म्हणता येत नाही, आणि पाठभेद पाहून काहींचे मन शंकित होते. ही शंका अस्थानी आहे. भेद झाकण्याची रीत म्हाइंभटांनी घालून दिली असती, तर पुढच्यांनीही आपापला पाठ एकमेव म्हणून पुढे केला असता. त्यांनी तसे केले नाही. कोणाचा पाठ कोणता हे सांगून ठेवले.

पुढे शतकानुशतके सकळ आदी सांकेतिक लिप्यांत हे धन मठांतून जपले गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, आणि मग ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे व वि. भि. कोलते यांच्या संपादनांनी लीळाचरित्र छापील रूपात लोकांपुढे आले. कोलते यांची आवृत्ती 1978 ची. प्रत्येक संपादकाने हस्तलिखिते निराळी घेतली, म्हणून लीळांचे क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात. निरूपणात लीळेचा आधार देताना केवळ क्रमांक न देता आवृत्ती, भाग आणि लीळा घडली ते गाव सांगावे. म्हाइंभटांनी गाव प्रायः सांगूनच ठेवले आहे.