रमाबाईंची सोपी मराठी

आजचा पाठ: मत्तय 25:31-46

मित्रांनो, हा पाठ वाचला की मला पंडिता रमाबाई आठवतात. तरुणपणीच दुष्काळात आईवडील गेले. त्या स्वतः उपाशीपोटी गावोगाव फिरल्या. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती म्हटलं. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला. पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो भुकेल्या मुली, विधवा यांना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच वाढलं.

भुकेल्याला जेवू घालणं आपल्यालाही सुचतं. मला थक्क करतं ते त्यापुढचं. त्यांनी या मुलींना अक्षरओळख दिली, हातात काम दिलं. मग बायबलचं भाषांतर हाती घेतलं, त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृत जिभेवर असलेल्या या बाईंनी मुद्दाम सोपी मराठी निवडली, कारण ती कमी शिकलेल्या बायकांना कळायला हवी होती. (आम्ही इंजिनिअर लोक साधं मॅन्युअलसुद्धा असं लिहीत नाही!) खिळे जुळवायला, पानं छापायला मुक्तीतल्याच मुली होत्या.

1921 मध्ये लेक मनोरमा गेली. तरी काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या, आणि 1924 मध्ये ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं.